सौनातली सुरक्षा-सभा

माझे सासरे चरात उतरले होते आणि रस्त्यावरून त्यांची फक्त टोपी दिसत होती. पुढचं सगळं रामायण त्या टोपीमुळे घडलं.

आमच्याकडे, मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, थंडीत जमीन इतकी खोलवर गोठते की पाण्याचा नळ पुरुषभर खाली पुरला नाही तर फेब्रुवारीत घरोघरी पाण्याऐवजी बर्फाच्या कांड्या निघतात. त्यामुळे गळका नळ दुरुस्त करायचा म्हणजे आधी विहिरीसारखा चर खणायचा आणि मग कुणीतरी आत उतरायचं. 'लाहतेला आणि मुलगा : हीटिंग, कूलिंग, प्लंबिंग' या आमच्या घरच्या कंपनीत हे 'कुणीतरी' म्हणजे कायम लाहतेला. मुलगा, म्हणजे माझा नवरा टोबी, वर उभा राहून पाने आणि पक्कड पुरवतो. त्या दिवशी चराच्या दोन्ही भिंती उघड्या होत्या, अगदी काठावर ओल्या मातीचा ढीग रचलेला होता, आणि त्या ढिगाच्या पायथ्याकडून शीळ ऐकू येत होती.

"पापा," मी वाकून म्हटलं, "भिंतींना काही आधार नको का?"

"तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी या गावात खणतोय, पोरी," टोपी म्हणाली. "ही माती मला ओळखते."

माती ओळखते! मी इतिहास घेऊन पदवीधर झालेली बाई. जगात ज्यांचा ज्यांचा घात झाला तो बहुतेक ओळखीच्यांनीच केला, हे मला सनावळीसकट पाठ आहे. पण ते तिथे सांगायची सोय नव्हती, कारण माझ्या कडेवर दीड वर्षाची आइली होती आणि तिने तेवढ्यात हातातलं बिस्किट आजोबांच्या टोपीवर नेम धरून सोडलं. नेम बरोबर बसला. खालून आजोबा खदखदून हसले, आणि त्या हसण्याबरोबर भिंतीची थोडी माती सरसर खाली गेली. ती कुणी पाहिली नाही. मी पाहिली.

मी भित्री आहे असं लोक म्हणतात. मी भित्री नाही. मी फक्त गोष्टी घडायच्या आधी घाबरून घेते, म्हणजे ऐन वेळी मोकळी राहते. आइली रांगायला लागल्यापासून मी घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला स्पंज लावलाय, प्रत्येक कपाटाला खिट्टी बसवलीय. टोबी म्हणतो की आमच्या घरात संडासाचं झाकण उघडायलासुद्धा पदवी लागते. लागू दे. पदवीचा तेवढा तरी उपयोग.

"पापांना तूच सांग ना," मी त्या संध्याकाळी त्याला म्हटलं.

"अगं, पापांना समजावणं आणि बॉयलरला समजावणं सारखंच," तो म्हणाला. "दोघंही तापतात, दोघंही शिट्टी वाजवतात आणि दोघंही नंतर होतं तसंच चालू राहतात."

म्हणून मी एक अगदी छोटंसं काम अंगावर घ्यायचं ठरवलं. आमच्यासारख्या धंद्यांकडे लेखी सुरक्षा-आराखडा हवा, असा राज्याचा कायदाच आहे. आमच्याकडे तो नव्हता असं नाही. वर्कशॉपच्या दारामागे एक पुठ्ठा टांगलेला होता. त्यावर 'डोकं वापरा' असं लिहून खाली पापांची सही होती. मी फक्त त्याचा थोडा विस्तार करणार होते. कागदावर आलं की पापा ऐकतील, असं मला वाटलं. शिकलेल्या माणसांचा कागदावर फार विश्वास असतो.

कायदा म्हणतो की कामावरच्या प्रत्येक डब्याबाटलीवर आत काय आहे आणि त्याने काय अपाय होतो याची चिठ्ठी हवी. मी आइलीला पाठीवर बांधलं आणि दोन दिवस वर्कशॉपमध्ये चिठ्ठ्या लावल्या. नळ सांधायचा लेप, भट्टी साफ करायचं आम्ल, गोंद, तेलं. फळीवर एका बरणीत तपकिरी, चिकट, कुणीच ओळखू न शकलेला पदार्थ होता. मी त्यावर 'अज्ञात. त्वचेला लागू देऊ नये' अशी लाल चिठ्ठी लावली. तो आमच्या गॉर्डीच्या बायकोने केलेला सफरचंदाचा मुरंबा निघाला. गॉर्डी स्काल्को आमच्या कंपनीतला एकमेव नोकर. स्वभावाने इतका सरळ की त्याने ती चिठ्ठी काढली नाही. रोज दुपारी तो ती लाल चिठ्ठी आपल्याकडे वळवून, त्वचेला लागू न देता, चमच्याने तो मुरंबा पावावर घेई.

"चव कशी आहे?" टोबीने विचारलं.

"अज्ञात," गॉर्डी म्हणाला आणि अजून एक चमचा घेतला.

मी लक्ष दिलं नाही. सुधारकांना हे सोसावंच लागतं.

आराखड्यातलं माझं सगळ्यात लाडकं कलम होतं सुरक्षा-सभेचं. आठवड्यातून एकदा, कामाच्या पगारी वेळेत, सगळ्यांनी एकत्र बसून एका धोक्याबद्दल बोलायचं. हजेरी सक्तीची. 'सक्तीची' या शब्दाखाली मी दोन रेघा मारल्या. पापा तो कागद फेकून देतील अशी माझी तयारी होती, पण त्यांनी तो वाचला, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "घेतो की. शुक्रवारी, काम सुटायच्या आधी."

मला भरून आलं. पुढच्या शुक्रवारी तर ते माझ्याकडून विषयसुद्धा मागून घेऊन गेले. विषय होता शिड्या. मी पुढचा विषय मुद्दाम चराचा ठेवला होता.

चराच्या सभेला आपण स्वतः हजर राहावं, म्हणून मी वेलचीचा पाव भाजला आणि वर्कशॉपवर गेले. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. मागच्या अंगणात मात्र पापांच्या सौनाच्या धुराड्यातून भरपूर धूर येत होता. सौना म्हणजे पापांच्या वडिलांनी बांधलेली लाकडी खोली. आत दगड रचलेली शेगडी, दगडांवर पाणी टाकायचं, आणि वाफेत अंग भाजत, घाम काढत बसायचं. आमच्या भागात फिनिश माणसाचं घर एक वेळ स्वयंपाकघराशिवाय चालेल, सौनाशिवाय नाही. मी दाराशी गेले. आतून पापांचा आवाज येत होता.

"चर खोल असेल तर भिंत कोसळू शकते. कोसळली तर वाईट. गॉर्डी, पाणी टाक."

चर्रर्र.

"प्रश्न आहेत कुणाला?"

कुणालाच नव्हते. त्या उकाड्यात प्रश्न पडायला माणूस शिल्लक राहावा लागतो.

मी दार ठोठावलं. "पापा! ही सभा आहे?"

"सभाच आहे! आत येऊ नकोस, आमच्या अंगावर कसलीही सुरक्षा-साधनं नाहीत!"

"पण इथे का?"

"इथे सगळे ऐकतात," आतून उत्तर आलं. "बाहेर फोन वाजतात. आणि सौनात माणूस भांडत नाही, खोटं बोलत नाही, चर्चमध्ये वागावं तसं वागतो. तुला सभा हवी होती ना? याहून चांगली सभागृहं राजधानीत तरी आहेत का?"

मुद्दा बिनतोड होता, आणि त्यामुळेच मला झोप येईना. कारण आमच्या राज्यात कामाच्या जागी आत किती उष्णता चालेल यालाही नियम आहे. सक्तीची हजेरी, पगारी वेळ, आणि वर उकळत्या पाण्याच्या जरा अलीकडचं तापमान. म्हणजे माझ्या आराखड्याने चर सुरक्षित केला नव्हता तो नव्हताच, उलट सौना बेकायदेशीर करून ठेवली होती.

सकाळी मी राज्याच्या सुरक्षा-सल्ल्याच्या फोनवर, नाव न सांगता, फक्त एक तात्त्विक प्रश्न विचारायचा असं ठरवून फोन केला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. इतका गोड की फोन ठेवेपर्यंत मी माझं नाव, कंपनीचं नाव, पत्ता आणि आइलीला दात येताहेत हेही सांगून बसले होते. तो म्हणाला, आमची माणसं फुकट येऊन बघून जातात. दंड नाही, तक्रार नाही. फक्त गंभीर धोका दिसला तर तो दूर करावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

त्यातून सुटका नाही! माझ्या डोळ्यासमोर टोपी आली. मी म्हटलं, "पाठवा."

टोबी ते ऐकून खुर्चीत बसला. खुर्चीत आधीच आइलीचा पेला होता, त्यावर बसला. "तू स्वतःहून बोलावलंस?" तो म्हणाला. "खात्याला? घरी?"

शेजारच्या डलोरिस ब्राटुलिचबाईंना ही बातमी आमच्या आधी कळली असावी, कारण त्या अक्रोडाचा रोल घेऊनच आल्या. आमच्या गावात कुणाला शिंक आली तरी डलोरिसबाई अक्रोडाचा रोल आणतात. मृत्यू असेल तर दोन. त्यांनी एक आणला होता, पण मोठा.

"खातं म्हणजे सासूसारखं, लिनिया," त्या म्हणाल्या. "न बोलावता आलं तर तासाभरात जातं. बोलावून आणलं तर राहतं. आता एक कर. येईल त्याला आल्याबरोबर कॉफी पाज. पोटात अन्न असलेला माणूस कडक शेरा लिहीत नाही. आणि नको म्हणाला तर ऐकू नकोस. पहिलं 'नको' रीत म्हणून असतं, दुसरं सवय म्हणून. तिसऱ्या 'नको'ला माणूस कपाकडे बघत असतो."

हे मला कुणी सांगायला नको होतं. इथली कोणीही व्यक्ती तीनदा नको म्हटल्याशिवाय कधी काही घेत नाही. आम्ही असेच वाढलो आहोत.

पापांनी मात्र दोन दिवस माझ्याशी फक्त आइलीमार्फत संवाद साधला. "आइली, तुझ्या आईला सांग की मीठ दे." तिसऱ्या दिवशी सरळ म्हणाले, "माझ्या सौनाला कुलूप लागलं, तर मी कंपनी सोडली समज. चर मला दुसऱ्या कुणाचेही खणता येतात."

कंपनीत होते तोवर निदान टोबी वर उभा तरी असायचा. कुलूप लागलं तर म्हातारा एकटाच उतरणार, कुठल्यातरी परक्या अंगणात, आणि ते मी घडवून आणलेलं असणार.

राज्याकडून आल्या त्या शियोंगबाई. माझ्याच वयाच्या, सेंट पॉल शहरात वाढलेल्या, पायात पोलादी टोकाचे बूट आणि चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. मी दारातच ट्रे घेऊन उभी होते.

"कॉफी घेणार ना?"

"नको, धन्यवाद."

रीत. मी हसले. "अहो, थोडीशी."

"खरंच नको."

सवय. मी कप भरला. "बरोबर वेलचीचा पाव आहे. सकाळीच भाजलाय."

"बाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "मला सरकारी नियम आहेत. तपासणीच्या जागी मी काही घेऊ शकत नाही."

तिसरं! मी कपाकडे पाहिलं, त्यांनीही कपाकडे पाहिलं, आणि मी तो जवळजवळ त्यांच्या हातात कोंबला. "मी दाराबाहेर ठेवते," मी हळूच म्हटलं. "कुणी बघणार नाही."

बोलताक्षणी मला ते कसं ऐकू गेलं असेल हे कळलं. टोबीने डोळे मिटून घेतले. वेलचीच्या पावाने सरकारी अधिकाऱ्याला लाच देण्याचा प्रयत्न करणारी आमच्या तालुक्यातली मी पहिलीच असेन. शियोंगबाई आत गेल्या. तो कप मात्र पुढचा सगळा वेळ दाराच्या चौकटीशी गार होत माझ्याकडे बघत राहिला.

वर्कशॉप तपासणीत चांगलं उतरलं. चिठ्ठ्या पाहून त्या मान डोलवत होत्या. मुरंब्याशी थबकल्या. चिठ्ठी वाचली. मग तेच खात असलेल्या गॉर्डीकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"अजून तपास चालू आहे, मॅडम," गॉर्डी म्हणाला.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "सुरक्षा-सभा कुठे घेता?"

टोबी आपल्या बुटांचं निरीक्षण करू लागला. मी आइलीचं टोपडं सारखं केलं, जे सरळच होतं. पण गॉर्डी सरळ माणूस. "मागे," तो म्हणाला. "आत."

मागच्या अंगणात पापा सौनाच्या दारात हाताची घडी घालून उभे होते, नाटकातल्या किल्लेदारासारखे. शियोंगबाईंनी आत पाहिलं, शेगडीवर हात धरला, भिंतीवरच्या तापमापकाकडे बघितलं.

"ही कामाची जागा नाही," पापा म्हणाले. "ही सौना आहे."

"सभेला हजेरी सक्तीची आहे?"

"सून म्हणाली सक्तीची."

"पगारी वेळेत?"

"सून म्हणाली पगारी वेळेत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आइलीनेसुद्धा. माझा पदवीदान समारंभ मला त्या क्षणी फार लांबचा वाटला.

"मग ती कामाची जागा झाली," शियोंगबाई म्हणाल्या.

पापांचा चेहरा सौनात न जाताच लाल झाला. "माझ्या सौनात आजवर कुणाला एक फोड आलेला नाही!" ते म्हणाले. "हे दार बघा. बाहेर उघडतं. आतून कडी नाही. चक्कर आलेल्याला कडी काढता येत नाही. एकट्याने बसायचं नाही. आत कोण आहे हे बाहेर एकाला तरी ठाऊक हवं. नवख्याने खालच्या बाकावर बसायचं. आणि जीव घाबरला की लाज न धरता उठून बाहेर यायचं, मग तो पाद्री असो की महापौर. माझ्या आजीचे नियम आहेत हे. ते मोडणाऱ्याला मी पुन्हा पायरी चढू देत नाही!"

शियोंगबाईंनी लिहिणं थांबवलं. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं.

"आजी कडक होत्या," त्या म्हणाल्या.

"तिचा भाऊ गेला होता," पापा म्हणाले. "दुसऱ्याच्या सौनात. आतून कडी होती."

मला हे ठाऊक नव्हतं. टोबीलाही नसावं.

"लाहतेलाकाका," शियोंगबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही चरात उतरता, तेव्हा बाहेर यायचा रस्ता कुठे असतो?"

"गॉर्डी हात देतो."

"मी कधीकधी ट्रकमध्ये असतो," गॉर्डी म्हणाला.

"शिडी?"

पापांनी हाताची घडी सोडली.

"भिंत आली तर तुम्ही उठून बाहेर येऊ शकता?"

पापा सौनाच्या उंबऱ्यावर उभे होते, एक पाय आत, एक बाहेर. मला वाटलं, आता ते मातीच्या ओळखीचं काहीतरी बोलतील. त्यांनी तोंड उघडलंही. मग आत पाहिलं, बाकांकडे, आणि उघडलेलं तोंड मिटलं. शेगडीतलं लाकूड तडतडलं.

"तिथे दारच नसतं," ते शेवटी म्हणाले.

आइलीने शियोंगबाईंच्या कॉलरला लावलेलं पेन ओढून घेतलं आणि त्यांनी ते घेऊ दिलं. आमच्या घरून त्यांनी काहीच घेतलं नाही. उलट दिलंच म्हणायला हवं.

निकाल असा लागला. सभा वर्कशॉपमध्ये, अंगात कपडे घालून. सौनाला काम सुटल्यावर ज्याला जायचं त्याने खुशीने जावं, त्याच्याशी राज्याला कर्तव्य नाही. चराबद्दल मात्र दोन मतं नव्हती: भिंती धरून ठेवणारी लोखंडी पेटी, आत एक शिडी, आणि मातीचा ढीग काठापासून दूर. पेटी येईपर्यंत खोल चरात कुणीही उतरायचं नाही.

पापा माझ्या जवळून गेले. "तू माझ्या सौनात सरकार आणलंस," ते म्हणाले. आइलीमार्फत नव्हे, थेट मला. टोबीने मला नंतर समजावलं की आमच्या घरात याला समेट म्हणतात.

पुढे सभा वर्कशॉपमध्येच होऊ लागली. फार कंटाळवाणी झाली, असं गॉर्डी सांगत होता. बाहेर गारठ्यात सगळ्यांना प्रश्न पडतात, त्यामुळे लांबते.

मग डलोरिसबाईंच्या अंगणातला नळ फुटला. पेटी आली, खोदाईच्या यंत्राने साखळीला टांगून ती चरात उतरवली, आणि डलोरिसबाई खिडकीतून ओरडल्या की शेवंतीची रोपं गेली, सरकारने येऊन भरून द्यावीत. मी आइलीला घेऊन बघायला गेले. माझ्या मेहनतीचं फळ जमिनीत उतरताना बघायचा मला हक्क होता. दोन लोखंडी भिंतींच्या मध्ये पापा उभे होते, शेजारी शिडी, आणि वर काठाशी टोबी. मी जरा पुढे होऊन वाकले.

"मागे!"

मी दचकले.

"मागे हो, पोरी! काठावर कोण उभं राहतं? आणि हेल्मेट कुठेय तुझं? कडेवर पोर घेऊन ओल्या काठावर! कॉलेजात हेच शिकवलं का तुला?"

"पापा, मी फक्त..."

"फक्त बिक्त नाही! गॉर्डी, तिला हेल्मेट दे. आणि ते चिमुरडं पोर आहे ना, त्यालाही काहीतरी घाल!"

गॉर्डीने स्वतःचं हेल्मेट काढून माझ्या डोक्यावर ठेवलं. ते घामाने ओलं होतं आणि माझ्या नाकापर्यंत आलं. समोरच्या घरातले दोघं हे बघायला पायऱ्यांवर आले. डलोरिसबाई खिडकीतून मनापासून हसत होत्या. टोबी पाठ करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते.

मी दोन पावलं मागे सरले.

"अजून!" खालून आवाज आला.

भर गावात सासऱ्यांकडून असं ऐकून घेतल्यावर एखाद्या सुशिक्षित बाईने काय करावं, याला आमच्याकडे काही लेखी नियम नाही. मी शेवंतीच्या वाफ्यात जाऊन उभी राहिले. हेल्मेटच्या कडेखालून मला पापा दिसत नव्हते. फक्त ऐकू येत होते, लोखंडी भिंतींमध्ये घुमल्यासारखे, मला उद्देशून अजून बरंच काही बोलताना. मी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.